आठव्या खाटेचा तक्ता

बाई दवाखान्यातल्या कुठल्याही खाटेपाशी जाण्याआधी तिच्या लोखंडी दांड्यावर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवायच्या. दारावर वाजवावं तसं. खाटेवरचं माणूस जागं असो, झोपलेलं असो, नाहीतर शुद्ध हरपलेलं असो. "आत्ता ते त्यांचं घर आहे," म्हणायच्या. "दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरतेस का तू?" यात विचित्र ते काय, उलट चांगलंच वळण आहे, असं तुम्ही म्हणाल. पण बाई रिकाम्या खाटेवरही वाजवायच्या, आणि वाजवून झाल्यावर जरा थांबायच्या. आतून कोणी 'या' म्हणेपर्यंत आपण थांबतो ना, तेवढं.

मी म्हातारी झाले आता. या हातानं किती बाळं झेलली त्याची गणती मी ठेवली नाही, आणि याच हातानं एकदा एका पोरीला मरणाच्या दारात नेऊन सोडलं होतं. सुई चुकून नाही, औषध चुकून नाही. पेनानं. ते सांगायला बसलेय, पण बाईंना वगळून ते सांगताच येत नाही.

संस्थानचे दिवस होते. जव्हारच्या बाहेर, मोखाड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचा दवाखाना. परगावच्या कोणा आईनं बाळंतपणात गेलेल्या आपल्या लेकीच्या आठवणीसाठी बांधलेला. कौलारू, लांबट, आठ खाटांचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा घोड्यावरून यायचे आणि घोड्याचा घाम वाळायच्या आत परत जायचे. बाकीचे दिवस आम्ही तिघी आणि आमच्या वर बाई. आम्ही तिघी म्हणजे मी, वसईकडची मारिया आणि गंगू. मी एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. घरात राहून सगळ्यांच्या डोळ्यांत खुपण्यापेक्षा ठाण्याला वर्षभर सुईणपण शिकले आणि हातात पास झाल्याचा कागद पडला तशी इथं आले. मारिया माझ्यासारखीच शिकलेली, तोंडानं गोड आणि कामाला चपळ. गंगू जवळच्याच जामसर गावची. तिनं कागद पाहिलाच नव्हता, पण तिच्या घरात आईपासून वर सगळ्या सुइणी. लिहिणं-वाचणं शून्य. तिला आम्ही दोघी मनातल्या मनात झाडूवालीच समजायचो. खोटं कशाला बोलू?

बाई उंच होत्या. पांढरं लुगडं, त्यावर पुरुषांचे असावेत तसले काळे बूट, आणि छातीशी उलटं टाचलेलं घड्याळ. अंगाला जंतू मारायच्या कार्बोलिकचा वास. बाजारातून गेल्या तरी तो वास मागं रेंगाळायचा, आणि लोक म्हणायचे, आत्ता बाई गेल्या. त्या कुठल्या, कोणाच्या, लग्न झालेलं की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. विचारायची छाती कोणाची होती?

त्यांची सगळ्यात भयंकर खोड म्हणजे नाडी. समोरचा बोलायला लागला की त्यांचा हात आपसूक त्याच्या मनगटाकडं जायचा. तुमचं मनगट तीन बोटांत धरून, नजर घड्याळावर ठेवून, त्या तुमचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ब्याण्णव. खोटं बोलतेस." तेही न रागावता, पाऊस पडतोय असं सांगावं तसं. मारियानं एकदा पाय मुरगळल्याचं सांगून सुट्टी मागितली, तर शंभर निघाली बिचारीची. बाजारात बाई दिसल्या की कांदे-बटाटेवाले हात पाठीमागं घ्यायचे. मला आधी हसू यायचं. मग एक दिवस मीच देवासमोर हात पाठीमागं घेऊन उभी असल्याचं माझ्या ध्यानात आलं.

'बरी आहे' हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी आला नाही. कोणी विचारलं, अमकी कशी आहे, तर म्हणायच्या, "आत्ता बरी आहे." त्या 'आत्ता'नं घरी निघालेले नातेवाईक परत खाली बसायचे. आम्ही काही सांगायला गेलो की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "पाहिलंस, की वाटलं?" ताप उतरलाय बाई. "पाहिलंस, की वाटलं?" पोरगं दूध प्यायलं बाई. "पाहिलंस, की वाटलं?" मारिया त्यांची नक्कल झकास करायची. एकदा ती नक्कल करत असताना बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळं बघून घेतलं आणि म्हणाल्या, "मान जरा जास्त वाकवतेस. मी वाकवत नाही." आणि गेल्या.

संस्थानचे कारभारी एकदा दवाखाना बघायला आले. आम्ही जमीन सारवून, चादरी ताणून, नवरात्रात देवीपुढं बसल्यासारख्या बसलेल्या. कारभारी सगळीकडं फिरले आणि खिडकीजवळच्या शेवटच्या, आठव्या खाटेपाशी थांबले. "सात खाटा भरलेल्या, बाहेर ओसरीवर दोन बाया जमिनीवर, आणि ही खाट रिकामी का ठेवलीत?"

बाई म्हणाल्या, "रिकामी आहे असं साहेबांनी पाहिलं, की त्यांना वाटलं?"

कारभारी हसले, पण लगेच हसू आवरलं त्यांनी. खाटेकडं एकदा बघितलं आणि काठी टेकत बाहेर पडले. जाताना त्यांनी त्या खाटेला वळसा घातला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, वाटलं नाही.

आता त्या खाटेचं सांगते.

मी आले तेव्हा, बाई यायच्या आधी, आमचं काम कसं चालायचं ते आधी ऐका. चार वाजता तक्ते भरायचे. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी फळीला कागद लावलेला असायचा. त्यावर ताप, नाडी, श्वास आणि शेवटी एक शब्द, रुग्ण कसा आहे तो. मी चहाला आधण ठेवायचे आणि उकळी फुटेपर्यंत सातही तक्ते भरून मोकळी. मोजायला कोण बसलंय? तोंडावरून कळतंच ना माणूस कसं आहे ते. ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी बहात्तर, श्वास अठरा, 'शांत'. जिला उघड उघड ताप आहे तिला दोन-तीन डिग्र्या वाढवून. मारियाही तेच करायची. आम्ही दोघी शिकून-सवरून आलेल्या, आमचं अक्षर मोत्यासारखं. डॉक्टर तक्ते बघून मान डोलवायचे. काम म्हणजे काय, तर दिवस काढणं. कोणी मेलं तर म्हणायचं, देवाची मर्जी.

बाईंनी आल्या आल्या जाहीर केलं, रोज दुपारी दोन ते चार शिकवणी. आमच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडं कागद होते! "नाकापेक्षा मोती जड," असं मी मारियाला बाईंच्या देखत पुटपुटले. बाईंनी ऐकलं आणि माझं मनगट धरलं. "अठ्ठ्याऐंशी. हे मात्र खरं बोललीस."

शिकवणी म्हणजे आठवी खाट. रोज पाळीपाळीनं एकीनं त्या रिकाम्या खाटेची सेवा करायची. चादर बदलायची, ओल्या फडक्यानं पुसायचं, मग थर्मामीटर चादरीच्या घडीत ठेवून तीन मिनिटं थांबायचं आणि तक्ता भरायचा. बस्स. बाई खुर्ची टाकून दाराशी बसायच्या, एक अक्षर बोलायच्या नाहीत. तक्ता तपासायच्याही नाहीत.

अहो, मोठ्या बायकांचा भातुकलीचा खेळ! आम्ही आपलं अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, बहात्तर, अठरा, 'शांत' असं लिहून सुटायचो. गंगूची पाळी आली की ती खाट पुसायची, थर्मामीटर ठेवायची, काढून उजेडात धरायची आणि तक्त्यावर काही न लिहिता बाईंना जाऊन सांगायची, "पारा हालला नाय, बाय. खाटंवर कोनी नाय." बाई म्हणायच्या, "ठीक." आणि गंगूच्या दिवशीचा रकाना कोरा राहायचा. आम्हाला वाटायचं, अडाणी ती अडाणीच.

पुढं पुढं आम्हाला चेव आला. मारियानं एक दिवस त्या खाटेला डोकेदुखी दिली. दुसऱ्या दिवशी मी अंगात थोडी कसर लिहिली. मारियानं तिला साबुदाण्याची पेज सुरू केली. मी लिहिलं, 'रात्री घाबरून उठली'. का लिहिलं, देव जाणे. मग मारियानं लिहिलं, 'मुलाची आठवण काढते'. दिवसभराच्या कामात तेवढीच गंमत. वाचून आम्ही तोंडावर पदर घेऊन हसायचो.

श्रावण लागला. जव्हारचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. भरदुपारी खिडकीतून आत यायचं, जमिनीवरून सरपटायचं, आणि आठवी खाट तर खिडकीलाच. तिचे पाय दिसायचे नाहीत, नुसती वरची चादर दिसायची. त्या दिवसांत गंगूनं त्या खाटेखालून झाडायचं सोडलं. दोन्ही बाजूंनी केर ओढायची, पण खाली हात घालेना. मी रागावले तर म्हणाली, "चादर बघ, बाय. दबलीय." मी बघितलं. चादरीवर मधोमध जरा खोलगा होता. जुनी खाट, सुतळी सैल झालेली, दुसरं काय असणार? मी चादर ताणून बसवली. दुसऱ्या दिवशी पाळी माझीच होती आणि खोलगा परत होता. मी थर्मामीटर तेवढा लांबून ठेवला आणि लिहिलं, 'शांत'.

एका दुपारी बाईंनी आम्हा तिघींना आठव्या खाटेभोवती उभं केलं. धुक्यानं खोली पांढरी झाली होती. बाईंनी दांड्यावर तीनदा वाजवलं, थांबल्या, मग तक्ता हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. ताप इतका. नाडी इतकी. शांत. शांत. डोकेदुखी. कसर. पेज घेतली. रात्री घाबरून उठली. मुलाची आठवण काढते. त्यांचा आवाज एकसुरी, जसा तक्ता तसा. आम्हाला हसू यायला हवं होतं. नाही आलं. ऐकता ऐकता मला ती खाटेवरची बाई दिसायला लागली. बारीक, सावळी, कुशीवर वळलेली. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "महिना झाला हिला आपल्याकडं. कोण ही?"

मी मारियाकडं बघितलं, मारियानं जमिनीकडं.

"कोण ही?" बाईंनी पुन्हा विचारलं. "मी खाट रिकामी दिली होती. ही कुठून आली?"

मारिया रडायला लागली. गंगू मात्र शांतपणे म्हणाली, "दोघींनी लिवली, म्हून आली. आता ती कशी जाल?"

मग बाई बोलल्या. मी त्यांना इतकं लांब बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढंही नाही. त्या आमच्याच वयाच्या असताना एका मोठ्या दवाखान्यात होत्या. कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही. चार वाजता तक्ते भरायचे. त्यांनी भरले. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाळंतीण होती, तिच्यापुढं लिहिलं, 'शांत झोप'. पाच वाजता डॉक्टर आले. ती मरून कितीतरी वेळ झाला होता, हात लाकडासारखे झालेले. आणि कोणी काही बोललं नाही, असं बाई म्हणाल्या. एक शब्द नाही. तक्ता नीट भरलेला होता ना! उलट डॉक्टर म्हणाले, या मुलीचं अक्षर बघा. "शिक्षा झाली असती तर मी विसरले असते," बाई म्हणाल्या. "ती कधी गेली, तेवढंसुद्धा कोणाला माहीत नाही. मी दोनदा खाटेजवळून गेले होते."

तक्ता त्यांनी परत फळीला लावला. "तुम्ही आणलीत, तुम्हीच पोचवा. शेवटची ओळ तुम्ही लिहायची." पण काय लिहिणार? 'बरी होऊन घरी गेली' हे आणखी एक खोटं. 'मेली' असं लिहायला हात धजेना. ओळ तशीच राहिली.

त्यानंतर आम्ही बदललो, हे खरं. नाडी धरायची म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा कळलं. पूर्ण मिनिट मोजायचं, आणि त्या मिनिटात दुसरं काही करायचं नाही. मिनिट केवढं मोठं असतं हो! त्या मिनिटात बायका बोलायच्या. दुखतं कुठं, घाबरायला कशानं होतं, घरी कोण मारतं, तेसुद्धा. दवाखान्यातून पळून जाणाऱ्या पाड्यांवरच्या बाया थांबायला लागल्या. मला सकाळी उठून कामावर यावंसं वाटायला लागलं. आणि गंगूला मी 'गंगूताई' म्हणायला लागले, ती ताई व्हायच्या वयाची नसली तरी. डॉक्टरांनीही एकदा म्हटलं, आजकाल तुमच्या तक्त्यांवरून माणूस समोर दिसतं. पण नव्याचे नऊ दिवस. सवय ही मोठी चिवट. एखाद्या घाईच्या दिवशी मी परत चहाच्या आधणावर तक्ते भरायचे. फक्त एक-दोन. फक्त ज्या बऱ्या होत्या त्यांचे. आत्ता बऱ्या होत्या त्यांचे.

भाद्रपदात मोखाड्यापलीकडच्या एका पाड्यावरून झोळीत घालून एक पोर आणली. पहिलटकरीण. तीन दिवसांपूर्वी घरीच बाळंत झालेली, बाळ धड, हिला मात्र ताप. सोबत सासू, कडेवर बाळ घेऊन. सातही खाटा भरलेल्या. बाई सकाळीच बैलगाडीनं मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यावर अडलेल्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि मारियाला बरोबर नेलं होतं. दवाखान्यात मी आणि गंगू. मी त्या पोरीला आठव्या खाटेवर घेतलं. दुसरी जागाच नव्हती. गंगूनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी पोरीवर लाल ब्लँकेट घातलं, फळीवरचा जुना तक्ता तसाच ठेवून त्यावर नवा कागद लावला आणि दुसऱ्या कामाला लागले.

चार वाजता मी परत आले. धुकं होतं. पोर डोळे मिटून पडलेली, चेहरा साधा. सासू पायथ्याशी उकिडवी बसली होती. मी पेन उघडलं तशी तिनं हात जोडले. तिच्या मुलखात आणि आमच्याही घरांत एक मानतात, की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. तिच्यासाठी कोरा कागद ठेवतात. त्या म्हातारीनं फळीला लावलेला कोरा कागद पाहिला आणि पांढऱ्या लुगड्यात, पेन घेऊन उभ्या असलेल्या मला पाहिलं. तिला वाटलं, इथं हीच लिहिते.

"बाय, चांगला लिव गो," ती म्हणाली. "माझे सुनंचा चांगला लिव. लहान हाय."

काय सांगू तुम्हाला, मला तिची दया आली. आणि दया आली म्हणून मी चांगलं लिहिलं. माझा हात त्या खाटेवर महिनाभर जे लिहायला शिकला होता तेच त्यानं लिहिलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बहात्तर. अठरा. 'शांत'. म्हातारीनं विचारलं, "चांगला लिवला?" मी म्हटलं, "चांगलं लिहिलं हो आजी." तिनं कागदाला हात लावून कपाळाला लावला आणि बाळाला घेऊन ओसरीवर गेली, मन निवांत करून. मी पेन बंद केलं आणि चहाकडं निघाले. त्या पोरीच्या अंगाला माझं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

दारापर्यंत पोचले आणि मागं दांड्यावर वाजलं.

तीनदा. आणि मग थांबलं.

बाई आल्या, असं वाटून मी वळले. कोणी नव्हतं. गंगू बाहेर चुलीपाशी पाणी तापवत होती, तिचं खोकणं मला तिकडून ऐकू येत होतं. बाकीच्या खाटांवरच्या बाया झोपलेल्या. आठव्या खाटेवर ती पोर तशीच पडलेली, तिचे दोन्ही हात ब्लँकेटच्या आत. पळावंसं वाटलं. पण तो थांबा होता ना, वाजवल्यानंतरचा, 'या' म्हणायची वाट बघणारा, तो संपेचना. मी परत गेले. कशी गेले, मला माहीत नाही. ब्लँकेटखाली हात घालून मनगट शोधलं. अंग भाजत होतं. आणि नाडी! मोजता येईना, बोटाखाली नुसतं थरथर. मी ब्लँकेट ओढून काढलं. लाल ब्लँकेटवर रक्त दिसत नाही. खालची चादर, सुतळी, सगळं भिजून खाली जमिनीवर थेंब पडत होते.

"गंगूताई!" मी ओरडले तो आवाज माझा नव्हता.

वारेचा तुकडा आत राहिला होता. गंगूनं आल्या आल्या एका नजरेत ओळखलं. तिनं मूठ पोरीच्या ओटीपोटात रोवली आणि धरून ठेवली. मी औषध पाजलं, खाटेचा पायथा विटांवर चढवला, परत गंगूच्या जागी मूठ रोवली. हात भरून आले की आळीपाळी. सासूला आत येऊ दिलं नाही, पण ती दारातून बघत होती, आणि मधेच म्हणाली, "चांगला लिवला ना गो, बाय? तू तं चांगला लिवला." दिवेलागणीला बाईंची गाडी आली. बाईंनी हात धुतले, राहिलेला तुकडा काढला. रक्त थांबलं. पोरीनं पाणी मागितलं.

मग मी तक्ता आणून बाईंच्या समोर धरला. लपवला असता तर कोणाला कळलं नसतं. मला तो फाडायचा होता. तसं म्हटलंही. बाईंनी आधी माझं मनगट धरलं.

"पाहिलं होतंस, की वाटलं होतं?"

"पाहिलं नाही बाई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "वाटलंही नव्हतं. म्हातारी म्हणाली चांगलं लिही, म्हणून लिहिलं. मी तिला मारलं होतं बाई. वाजवलं नसतं तर ती गेलीच होती."

"कोणी वाजवलं?"

मी सांगितलं. बाईंनी माझं मनगट बराच वेळ सोडलं नाही. घड्याळाकडं बघतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "एकशे दहा. खरं बोलतेस." आणि तक्ता माझ्या हातात परत दिला. "फाडू नकोस. खोडूही नकोस. खाली खरं लिही. वेळ घाल."

सकाळी पोर शुद्धीवर होती. सासू तिला पेज पाजत होती. मी नाडी मोजायला बसले. पूर्ण मिनिट. बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या, दांड्यावर वाजवून. पोरीनं त्या वाजवण्याकडं मान वळवली आणि मला विचारलं, "बाय, माझे बाजूला निजली व्हती, ती बाय कुठं गेली?"

"कोण बाई?" मी विचारलं. ती खाट एका माणसाला जेमतेम पुरायची.

"निजलेली. मना टाकला तवा ती सरली. जागा केली मना."

मी बाईंकडं बघितलं नाही. मला बघवेना. मागून बाईंचा आवाज आला. कधी ऐकला नव्हता असा, एखाद्या लहान मुलीसारखा. "बरी दिसत होती का गं?"

पोर विचार करून म्हणाली, "शांत निजली व्हती. पन आंग गार, नदीचे पान्यासारा. माझा तापलेला ना, मना बरा वाटला."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. आयुष्यात कधी रोग्याच्या खाटेवर न बसणाऱ्या बाई. मी पोरीचं मनगट सोडलं आणि बाईंचं धरलं. त्यांनी धरू दिलं. किती होती ते मी कोणाला सांगितलं नाही, आत्ताही सांगणार नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "तो जुना तक्ता काढ. शेवटची ओळ लिही."

मी नव्या कागदाखालचा जुना तक्ता काढला. या वेळी हात अडला नाही. लिहिलं, 'गेली. वेळ माहीत नाही. कोणी पाहिलं नाही.' बाईंनी वाचलं. पेन घेऊन 'कोणी' हा शब्द खोडला आणि त्या जागी 'मी' लिहिलं. तेवढी एकच खाडाखोड मी त्यांच्या हातून झालेली पाहिली.

त्या दिवसापासून आठवी खाट रोग्यांना मिळायला लागली. चादरीला खोलगा पडायचा थांबला, की सुतळी आवळली म्हणून, ते मी बघायला गेले नाही. गंगूताई मात्र खाटेखालून निर्धास्त झाडायला लागली. पोर आठवड्यानं चालत मोखाड्याच्या रस्त्याला लागली. बाई दोनेक वर्षांनी गेल्या, कुठं ते न सांगता. खोलीत फक्त कार्बोलिकचा वास ठेवून.

पुढं माझ्याच हाताखाली पोरी शिकायला आल्या, किती दवाखान्यांत आणि किती वर्षं. हुशार पोरी, माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलेल्या. प्रत्येकीला मी पहिल्या आठवड्यात एक रिकामी खाट द्यायचे आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचे. पोरी चादर बदलायच्या, थर्मामीटर ठेवायच्या आणि तक्ता आणून द्यायच्या. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बहात्तर. 'शांत'. सगळ्याच. मी कधी रागावले नाही. उठून खाटेपाशी जायचे, दांड्यावर तीनदा वाजवायचे, जरा थांबायचे, आणि विचारायचे, "बरी दिसत होती का गं?"

तेव्हा पोरी खाटेकडं बघायच्या. पहिल्यांदाच.